चौथा रकाना

अर्जाच्या चौथ्या रकान्यात विचारलं होतं:
आपण राबवलेला नावीन्यपूर्ण उपक्रम.
मी लिहिलं, शुद्ध भाषेचा बिल्ला.
प्लायवूडचा तुकडा, भोक पाडून सुतळी ओवलेली,
वर्गात जो अहिराणी बोलेल त्याच्या गळ्यात.
त्यानं दुसऱ्याला पकडलं की बिल्ला पुढे.
शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात राहील
त्यानं सगळ्या वर्गांचे फळे पुसायचे.
खर्च: निरंक. फलनिष्पत्ती: उत्तम.

तालुक्यातून मी एकटा निवडला गेलो.
शिक्षकांचा परदेशी अभ्यासदौरा, एकवीस दिवस,
वेल्स नावाचा मुलूख,
जो केंद्रप्रमुखांनाही नकाशात सापडला नाही.
पासपोर्टसाठी धुळ्याला तीन खेपा.
कोट साडूचा, बाह्या आखूड.
मायनं बिबड्या बांधून दिल्या
आणि दोंडाईच्याच्या मिरचीचं तिखट,
म्हणाली, तठला पानीले चव नही ऱ्हायनी तं?

डोंगराच्या उतारावर शाळा, खाली मेंढ्या.
पहिल्याच सकाळी तीस पोरं एका सुरात ओरडली,
बोरे दा!
मला ऐकू आलं, बोरे दे.
मी बांधावरच्या बोरींच्या गावचा माणूस,
हात खिशात गेलाच.
कॅरिस नावाच्या मास्तरीणबाई हसल्या.
म्हणाल्या, हा आमचा नमस्कार.
इंग्रजी नाही हो. आमच्या घरातला.

चौथ्या दिवशी संग्रहालय.
काचेच्या पेटीत एक लाकडाचा तुकडा,
बोटभर रुंद, वर दोन अक्षरं कोरलेली,
भोक, भोकात दोरी.
कॅरिस सांगत होत्या:
वर्गात जो घरची भाषा बोलेल त्याच्या गळ्यात.
त्यानं दुसऱ्याला पकडलं की पुढे.
शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात राहील, त्याला छडी.
दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट, त्या म्हणाल्या.
मागच्या जूनमधली,
असं मी म्हणालो नाही.
काचेत माझीच सावली पडली होती,
मान नेमकी दोरीपाशी.
तुमच्याकडे होतं का असं काही?
मी विचारलं, फोटो काढला तर चालेल?

परत आलो. सत्कार झाला, शाल, नारळ,
फलकावर माझ्या नावात दोन चुका.
अहवालाची दहा पानं भराभर लिहिली:
बाकांची उंची, दुपारचं जेवण,
दाराशी ओळीत लावलेले बूट,
टॅक्सीच्या पावत्या क्रमवार.
आणि चौथा रकाना तिथंही होताच:
आपल्या शाळेत काय राबवाल?

तो तसाच ठेवून रविवारी दोंडाईच्याला गेलो.
मार्केट यार्डात मिरचीचे लाल ढीग,
आणि ढिगामागे, तोंडाला रुमाल बांधून
पोती शिवत बसलेला गुलाब सोनवणे.
सातवी ब.
बिल्ला सगळ्यांत जास्त दिवस त्याच्याच गळ्यात राहिला,
कारण त्यानं कधी कुणाला पकडलंच नाही.
तेव्हा मी त्याला मठ्ठ म्हणायचो.

शेजारच्या हमालाशी चाललं होतं त्याचं,
भरभरून, हातवारे करत, घरच्या भाषेत.
मला पाहिलं आणि उठला.
रुमाल काढला, हात पुसले,
आणि प्रत्येक अक्षर चिमट्यात धरून म्हणाला,
नमस्कार सर. आपण परदेशातून कधी आलात?
आपला प्रवास सुखाचा झाला ना?
एकही चूक नाही.
दहापैकी दहा.

माझी जीभ सव्वीस वर्षं नोकरीत आहे.
ती रजेवर जायला जरा वेळ लागला.
कालदिन उनू रे भो, मी म्हणालो.

गुलाब काही बोलला नाही.
आधी त्यानं डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे,
कुणी ऐकलं तर नाही ना.
ते माझ्यासाठी पाहत होता
हे मला गाडीत बसल्यावर कळलं.
तेव्हा नुसताच शिंकत राहिलो,
तोही शिंकत होता,
मिरचीच्या वाऱ्यात कुणाच्याही डोळ्यांचं
काही खरं नसतं.